ट्रकवरून आलेली क्वालिस

कोल्हापुरात जुन्या क्वालिस गाड्यांच्या मालकांचा मेळावा भरला होता. मालकाच्या कामाला सगळ्यात जास्त आलेल्या गाडीला चार नवे टायर मिळणार होते. आजऱ्याहून वडाप, म्हणजे खच्चून प्रवासी भरून नेणारी गाडी, चालवणाऱ्या तानूबाई पाटोळेला ते हवेच होते. तिचे टायर पार गुळगुळीत झाले होते आणि तसल्या टायरांवर माणसं भरून आंबोलीचा घाट उतरणं म्हणजे जिवाशी खेळ.

परीक्षक होते कारखानदार विश्वासराव सरनोबत. तानूबाईची गाडी बघून त्यांनी नाक मुरडलं.

"मावशी, किती हे पोचे! आरसा तर सुतळीनं बांधलाय. ती बाबरशेठची पांढरी गाडी बघा. बावीस वर्षांत एक ओरखडा नाही!"

ओरखडा येणार कुठून? धूळ लागू नये म्हणून शेठनं ती ट्रकवर चढवून आणली होती, अन् अजून ती ट्रकवरच होती.

तानूबाईनं पदर खोचला. "खरंय साहेब. माझ्या गाडीनं बाळंतिणी वाहिल्या, वऱ्हाडं वाहिली. आजबी नऊ बायका घेऊन आलीय."

"खरंय म्हणताय, मग बक्षीस पांढऱ्या गाडीला द्यायचं ना?" सरनोबतांनी विचारलं.

"छ्या! त्या ट्रकला द्या. शेठच्या कामाला तोच आलाय. गाडी नुसती बसून आलीय."

सगळा मंडप खदखदून हसला. सगळ्यात मोठ्यानं हसले ते बाबरशेठच.

"साहेब, टायर मावशींनाच द्या," ते म्हणाले. "आणि मावशी, जाताना मलाबी न्या. बावीस वर्षं नुसती पुसत बसलो, क्वालिसमधनं फिरायचं राहूनच गेलं."

"चला की," तानूबाई म्हणाली. "पण वडाप हाय शेठ, कुणाचं तरी पोर मांडीवर घ्यावं लागंल."