तवशाच्या वेलाला ओंजळभर मीठ

समुद्राकाठच्या एका गावात एक सासू होती. तिच्या हाताला असा गुण, की वाळकी काडी लावली तरी फुटेल! नारळ लावावा तर तिनेच. खड्ड्यात मूठभर मीठ टाकायची, वर रोप ठेवायची. मग वाळवीची काय बिशाद!

एका वर्षी गावातल्या जुन्या गोड तवशांवर, म्हणजे त्या हातभर लांब काकड्यांवर, रोग पडला. सगळे वेल गेले. बी उरलं एकच. ते गावाने सासूच्या ओटीत घातलं.

"आजी, आता सगळं तुमच्या हाती. तवसं पिकलं की बी घरोघर द्या."

वेल मांडवावर चढला, एक तवसं धरलं. सासू दिवसातून दहादा बघून यायची. आणि एका सकाळी बुंध्याशी वाळवी! मिठाचं मडकं घेऊन ती धावली.

"आत्याबाई, थांबा हो!" सून म्हणाली. "नारळाला मीठ सोसतं. कोवळ्या वेलाला कसं सोसेल? राख घालू या."

"तू मला शिकवणार? तुझ्या वयापेक्षा जास्त नारळ लावलेत मी!"

मूठभर कसलं, सासूने ओंजळी भरभरून मीठ ओतलं, वर पाणी घातलं.

दुपारी बघते तर पानं लोंबतायत! अगं बाई! खाली पाय रुतेल एवढा चिखल, आणि वर वेल तहानेने माना टाकतोय? तिने आणखी दोन घागरी ओतल्या. मीठ विरघळून आणखी खोल गेलं. वेल पार झोपला.

"कुणाची दृष्ट लागली गं?" सासू म्हणाली.

सुनेने आतून मुळ्याच्या कोशिंबिरीचं पातेलं आणलं. तळाशी पाणी साचलं होतं.

"आत्याबाई, यात पाणी कुणी घातलं?"

"घालायला कशाला हवं? मीठ लावलं की आपसूक सुट..." आणि सासूची नजर पातेल्यावरून वेलाच्या बुंध्याकडे गेली.

वेलाच्या मुळांच्या कणाकणाभोवती एक पातळ पडदा असतो. पाणी त्यातून येतं-जातं, पण ओढ घेतं ती जिकडे मीठ जास्त तिकडे. बाहेर मिठाचा ढीग, मग मुळं पिणार काय? त्यांच्या अंगातलंच पाणी बाहेर गेलं. चाळीस वर्षं बाई हे रोज पातेल्यात बघत होती!

दोघींनी खारी माती उकरून फेकली, घागरीवर घागरी गोडं पाणी ओतलं. व्यर्थ. तवसं चिरलं, तर आतलं बी अजून पाण्यासारखं कोवळं.

गलका ऐकून शेजारीपाजारी धावत आले. सून पुढे होऊन म्हणाली, "वाळवीने खाल्ला हो वेल..."

सासूने तिला मागे ओढलं. "वाळवीने नाही. मी मारला. ही सांगत होती, मी ऐकलं नाही."

त्या गावात ते तवसं पुन्हा कुणी चाखलं नाही.

तात्पर्य: हाताला कितीही गुण असो, कान उघडे ठेवावेत, एकाचं औषध दुसऱ्याचा जीव घेतं.