टिलव्याची लाल अळी

टिलवा पक्षी केवढा? बाबाच्या मुठीत मावेल एवढा.
चोच काळी. पाय काळे. काडीएवढे.

टिलवा लांबून आला. खूप लांबून. बर्फाच्या देशातून. डोंगर ओलांडले. वाळवंट ओलांडलं. उडून उडून पंख दुखले. पोट खपाटीला गेलं. आणि अजून पुढे जायचं होतं. समुद्रापलीकडे! रिकाम्या पोटी उडणार कसं?

म्हणून टिलवा खाडीकाठी उतरला. तिथे एक तळं होतं. कडेला मऊ मऊ चिखल. तळ्याला होता बांध. बांधात होतं दार. दाराला लाकडाची फळी.

टिलवा चिखलात धावला. तुरुतुरु तुरुतुरु.
चोच खुपसली. टुचुक!
सापडली एक लाल अळी. टिलव्याने ओढली. अळी लांबली. आणखी ओढली. आणखी लांबली.

इतक्यात भरती आली. फळीवरून पाणी आत आलं. खळखळ खळखळ! टिलव्याच्या पायाला पाणी. पोटाला पाणी. टिलवा उडाला. भुर्र! अळी सुटली. चिखलात शिरली. चिखल पाण्याखाली गेला.

टिलवा बांधावर बसला. वाट बघितली. ओहोटी लागली. खाडीचं पाणी गेलं. पण खाडीत तिवराच्या झाडांची दाटी. टिलव्याला धावायला जागाच नाही. आणि तळ्याचं पाणी? ते तिथेच. फळीने अडवलेलं.

टिलवा गेला पाण्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.
"पाण्या, पाण्या, हट ना! माझी अळी मला मिळेना!"
पाणी म्हणालं, "मी नाही हटणार. फळी हलली, तर मी हटेन."

टिलवा गेला फळीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.
"फळीताई, फळीताई, हल ना!
पाणी हटेना,
माझी अळी मला मिळेना!"
फळी म्हणाली, "मी नाही हलणार. धाकूमामाने ओढलं, तर मी हलेन."

धाकूमामा बांधावर बसला होता. तळ्याची राखण तोच करायचा. टिलवा गेला मामाकडे. तुरुतुरु तुरुतुरु.
"धाकूमामा, धाकूमामा, ओढ ना!
फळी हलेना,
पाणी हटेना,
माझी अळी मला मिळेना!"
मामा म्हणाला, "मी नाही ओढणार. पोटात कावळे ओरडतायत, बाळा. मामी भाकरी घेऊन आली, तर मी ओढेन."

बायजामामी वाटेत उभी होती. डोक्यावर टोपली. टोपलीत भाकरी. टिलवा गेला मामीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.
"बायजामामी, बायजामामी, ये ना!
मामा ओढेना,
फळी हलेना,
पाणी हटेना,
माझी अळी मला मिळेना!"
मामी म्हणाली, "मी नाही येणार. म्हैस बघ कशी आडवी बसलीय! इकडे पाणी, तिकडे पाणी. मी जाऊ कुठून? म्हैस उठली, तर मी येईन."

टिलवा गेला म्हशीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.
"म्हशीबाई, म्हशीबाई, ऊठ ना!
मामी येईना,
मामा ओढेना,
फळी हलेना,
पाणी हटेना,
माझी अळी मला मिळेना!"
म्हैस म्हणाली, "मी नाही उठणार. माझं रेडकू झोपलंय. रेडकू जागलं, तर मी उठेन."

टिलवा गेला रेडकाकडे. तुरुतुरु तुरुतुरु.
"रेडका, रेडका, जाग ना!
म्हैस उठेना,
मामी येईना,
मामा ओढेना,
फळी हलेना,
पाणी हटेना,
माझी अळी मला मिळेना!"
रेडकाने एक डोळा उघडला. "मी नाही जागणार. माझी झोप उडाली, तर मी जागेन."
"झोप कशी उडेल?"
"तुम्ही सगळे उडालात, तर माझी झोप पण उडेल." आणि रेडकाने डोळा मिटला. घुर्र घुर्र.

सगळे म्हणजे कोण? सगळे टिलवे! बांधाच्या टोकाला थांबले होते. शंभर टिलवे. एका पायावर उभे. चोची पाठीत खुपसलेल्या. सगळे दमलेले. सगळे उपाशी.

टिलवा गेला त्यांच्याकडे. आता त्याचे पाय दुखत होते. तुरु... तुरु... तुरु...
"टिलव्यांनो, टिलव्यांनो, उडा ना!
रेडकू जागेना,
म्हैस उठेना,
मामी येईना,
मामा ओढेना,
फळी हलेना,
पाणी हटेना,
माझी अळी मला मिळेना!"

कोणी हललं नाही.
मग एका म्हाताऱ्या टिलवीने चोच बाहेर काढली. "पंखांत बळ नाही रे. उगाच उडालो, तर पुढे जाणार कसे?"
टिलवा म्हणाला, "आजी, पाणी हटलं की चिखल उघडा पडेल. चिखलात खूप अळ्या आहेत. सगळ्यांना पुरतील."
टिलवीने विचार केला. दुसरा पाय खाली टेकला. "बरं. पण एकदाच उडायचं हं!"

आधी एक उडाली. मग दहा उडाले. मग सगळे उडाले. भुर्रर्रर्र!
सगळे एकदम डावीकडे वळले. पांढरे दिसले.
सगळे एकदम उजवीकडे वळले. करडे दिसले.
आणि रेडकाच्या डोक्यावरून गेले. भुर्रर्रर्र!

रेडकाची झोप उडाली.
रेडकू जागलं, टणाटण पळालं.
म्हैस उठली, रेडकामागे गेली.
मामी आली, टोपली उतरवली.
"आज उशीर?" मामाने विचारलं.
"म्हैस आडवी होती."
"मग बरोबर. म्हशीला घाई कोण करणार?"
मामा जेवला. भाकरी आणि जवळ्याची चटणी. हात धुतले. फळीचा दोर धरला.
मामाने ओढलं, हुश्श!
फळी हलली, कर्र कर्र.
पाणी हटलं, खळखळ खळखळ.
चिखल उघडा पडला. ओला, चकचकीत, मऊ मऊ.

टिलवा धावला. तुरुतुरु तुरुतुरु. चोच खुपसली. टुचुक!
लाल अळी! ओढली. लांबली. आणखी ओढली. आणखी लांबली. टुप्प! निघाली.
टिलव्याने गिळली. गट्टम!

मग शंभर टिलवे चिखलात उतरले. टुचुक टुचुक, टुचुक टुचुक. कोणी बोलेना. सगळ्यांची तोंडं भरलेली.

रोज खाल्लं. रोज झोपले. पोटं गोल गोल झाली. पंखांत बळ आलं.
एका सकाळी वारा सुटला. टिलवे उडाले. समुद्रापलीकडे गेले.

टिलवा गेला भरल्या पोटी, गोष्ट आली आपल्या ओठी.