प्रत्येक टेबलावर प्रिंटर

लिफ्टचे कंट्रोलर बनवणाऱ्या नाशिकच्या एका कंपनीत मुख्य अभियंता दाभाडेसाहेबांनी फर्मान काढलं, "प्रोग्रॅममध्ये एकाच जागी लिहिलेल्या फंक्शनला दरवेळी हाक मारण्यात वेळ जातो. सगळी इनलाइन करा. म्हणजे जिथे लागेल तिथे त्यांचा अख्खा कोड उतरवा!" प्रोग्रॅम इतका फुगला की कंट्रोलरच्या चिपमध्ये मावेना. माल अडकला, तरी साहेब ऐकेनात.

भर मीटिंगमध्ये प्रोग्रॅमर मृण्मयी केळुसकर म्हणाली, "सर, प्रिंटरपर्यंत चालण्यातही वेळ जातो. प्रत्येक टेबलावर एकेक प्रिंटर ठेवू या."

"अहो, मग माणसं काम कुठे करतील?"

"चिपही तेच विचारतेय, सर!"

साहेब ओशाळले, मग खळखळून हसले. "म्हणजे काहीच इनलाइन नको?"

"हवं ना. पेन ज्याचं त्याच्या खिशातच बरं."

दोन-तीन ओळींची फंक्शन्स तेवढी इनलाइन राहिली, आणि प्रोग्रॅम चिपमध्ये ऐसपैस बसला.