तेरड्याच्या दांड्यावरचं मडकं

पठारावर अजून माणसांची पायवाट पडायची होती, तेव्हाची ही गोष्ट. तेरडा ऐन बहरात होता. एक दिवस बारीक कमरेची, काळी-पिवळी माशी त्याच्याभोवती घिरट्या घालू लागली.

"गांधीलमाशी आली!" पानाखालून हिरवी अळी ओरडली. "तेरडेदादा, हाकला तिला! आज एक आलीये, उद्या अख्खं पोळं लटकेल. मग तुमच्याकडे एक फुलपाखरू फिरकायचं नाही!"

तेरडा घाबरला. त्याने पिकलेली बोंडं माशीच्या अंगावर तडातड फोडली. ती बाजूला झाली, पण गेली नाही.

"अहो, बी कशाला वाया घालवताय?" ती म्हणाली. "मला फक्त एक मडकं ठेवायला जागा हवी आहे."

तेव्हा कुठे तेरड्याने तिच्याकडे नीट पाहिलं. तिने पुढच्या पायांत ओल्या मातीची गोळी धरली होती.

"म्हणजे तू गांधीलमाशी नव्हेस?"

"मी कुंभारीण. एकटीच असते. पोळंबिळं काही बांधत नाही."

तेरड्याचा जीव भांड्यात पडला. त्याने आपणहून दांडा पुढे केला. कुंभारणीने त्यावर बोराएवढं मडकं घडवलं.

"सुरेख! पण यात भरणार काय?"

"अळ्या. माझ्या बाळाला खायला."

तेरड्याने आपली पानं पाहिली. त्यांची पार चाळण झाली होती. इतके दिवस त्याला हे वाऱ्याचं काम वाटत होतं.

पानाखालून आता कुणीच ओरडत नव्हतं.