हिरवं लुगडं आणि लाल गाल

फार जुन्या काळची ही गोष्ट. सूर्य उगवून बरोबर दोन घटका झाल्या होत्या, तेव्हा नदीकाठच्या गावात निळारणीच्या घरातून किंकाळी ऐकू आली आणि तिथून सगळं सुरू झालं.

निळारीण म्हणजे निळीत कापड रंगवणारी बाई. तिने झोपलेल्या लेकीच्या तोंडावरचं पांघरूण सारलं आणि ती किंचाळली. लेकीचे दोन्ही गाल लालबुंद! कातडीचे पापुद्रे सुटलेले! अगं बाई, याच्यापेक्षा नुसती मुरमं होती ती बरी!

लेक वयात आलेली. आवाज असा खणखणीत, की बाजारात तिने "निळी लुगडी!" अशी हाक दिली की पैलतीरावरच्या बायका नावेत बसायच्या. पण तोंडावर मुरमं उठली आणि पोरीचा बाजार सुटला. दिवसभर रंगाच्या रांजणामागे तोंड लपवून बसायची. म्हणून तर आईने म्हाताऱ्या वैदिणीकडून लेप आणला होता. "रोज लाव, सोडू नको," एवढंच वैदीण बोलली होती.

"मेलीने विष दिलं की काय माझ्या पोरीला!" निळारणीने लेपाची वाटी उचलली.

"आई, वैदीण आजीला आधी विचारूया तरी."

"विचारायचं काय त्यात? डोळे फुटलेत का माझे?" आणि वाटी उकिरड्यावर गेली.

किंकाळी ऐकून शेजारीण धावत आली होती. ती म्हणाली, "लिंबू नि राख चोळ गं. माझ्या भावजयीची मुरमं एका रात्रीत गेली."

मग काय, रोज चोळणं सुरू झालं. पोर कळवळायची, आई डोळे पुसत चोळायची. मुरमं फुटली, पिकली, गाल सुजले.

अशात एक नवी नवरी आपलं लुगडं न्यायला आली. निळारणीने ते रांजणातून वर काढलं, तशी नवरी ओरडलीच, "अहो काकू, मी निळं सांगितलं होतं! हे तर हिरवंगार! टाकून द्या ते!"

निळारीण हसली. "अगं वेडे, रांजणातून निघताना ते हिरवंच असतं. वाऱ्यावर धर, बघता बघता निळं होतं. आधी विचारावं, मग ओरडावं."

रांजणामागून लेकीचा आवाज आला, "आई, माझा लेपही असाच होता का गं?"

निळारणीच्या हातातलं लुगडं गळून पडलं. लेकीचा हात धरून ती तशीच ओल्या हातांनी धावत सुटली.

वैदिणीने पोरीचं तोंड उजेडाकडे वळवलं. मग ती निळारणीकडे वळली.

"लेप टाकलास?"

"गाल लाल झाले, आजी. मी घाबरले, मग लिंबू नि राख चोळली."

"आधी लालच होतात. वरची कातडी सुटते, मग हळूहळू खालची नितळ येते. दोन-तीन महिने धीर धरावा लागतो." म्हातारीने पोरीचा हात हातात घेतला. "हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. माझंही चुकलं. आता मुरमं जातील बाई, पण चोळून पडलेले खड्डे जायचे नाहीत."

निळारणीने आपल्या निळ्या हातांकडे पाहिलं. ज्या हातांनी पोरीला न्हाऊमाखू घातलं, त्याच हातांनी हे केलं!

लेकीने गालांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आजी, लेप द्या. पण पुढे काय काय होईल ते सांगून द्या. आणि आग झाली तर काय करू?"

"आग झाली तर एक दिवसाआड लाव. तरी थांबली नाही तर माझ्याकडे ये. पण मनाने सोडू नको."

पोरीने सोडला नाही. मुरमं गेली, खड्डे राहिले. ती पुन्हा बाजारात उभी राहिली, आवाज तसाच खणखणीत. पण त्यानंतर रांजणातून हिरवं कापड वर आलं की निळारणीची नजर आधी लेकीच्या गालांकडे जायची.

तात्पर्य : घाबरून औषध टाकू नये, देणाऱ्याला आधी विचारावं.

तुमच्या शेजारी एखादी पोर तोंड लपवून बसली असेल, तर तिच्या आईच्या कानावर एवढं नक्की घाला.