दुआ कुणी मागितली?

"मग तुम्हीच सांगा चाचा, त्याला वाचवलं कुणी?"

वैजयंतीनं चपला कुठं काढल्या हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. एक दर्ग्याच्या पायरीवर पडली होती, दुसरी चिंचेखाली. आणि ती तरातरा चालत थेट बाबालाल फकिरांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली होती.

चाचा भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते.

"बस," ते म्हणाले.

"बसायला नाही आले मी."

"मग उभ्यानं शेंगा खा."

दुसरं कुणी असतं तर डॉक्टरीणबाईंनी त्याला तिथल्या तिथं सुनावलं असतं. पण चाचांपुढं तिचं काही चालत नसे. सातव्या वर्षी याच दर्ग्याच्या विहिरीत चाचांनी तिला पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकवलं होतं. नाकातोंडात पाणी गेलं की ती किंचाळायची, आणि चाचा काठावरून ओरडायचे, "वरडतीस म्हंजे जिती हायस! मार हात!" ती पुढं शिकली, डॉक्टर झाली, गावात परत येऊन दवाखाना थाटला, पण चाचांसमोर अजूनही सातच वर्षांची होती.

ती बसली. शेंग मात्र घेतली नाही.

राग यावा असंच घडलं होतं. गेल्याच्या गेल्या रविवारी शाळेच्या मैदानावर कबड्डीची अंतिम लढत होती. गावचा हुकमी गडी धैर्यशील चढाईला गेला. काय चढाई होती ती! डाव्या कोपऱ्यातला गडी टिपला, उजवा टिपला, सगळं मैदान उभं राहिलं, आणि परत फिरलेला धैर्यशील मध्यरेषेच्या हातभर अलीकडं पालथा पडला.

समोरच्या संघानं उड्या मारल्या. पंचांनी शिट्टी फुंकली. पकड झाली, असं सगळ्यांना वाटलं.

एकटी वैजयंती ओरडली, "अरे, त्याला कुणी हातच लावला नाही!"

दोरी ओलांडून ती धावली. तोवर लोक गोळा झाले होते. कुणी कांदा फोडून आणला, कुणी चप्पल हुंगवायला पुढं झालं, फेफरं आलंय म्हणून. तिनं चप्पल भिरकावली, कांदा भिरकावला, धैर्यशीलला उताणं केलं आणि दोन्ही हातांनी त्याची छाती दाबायला लागली. त्याचा श्वास बंद होता. नाडी लागत नव्हती.

एक नाही, दोन नाही, अकरा मिनिटं ती दाबत राहिली. मग रुग्णवाहिका आली, आतल्या माणसानं यंत्राचा शॉक दिला. एकदा. दुसऱ्यांदा. आणि धैर्यशीलनं असा काही श्वास घेतला की जवळ उभ्या असलेल्या पंचांना रडू फुटलं.

आता या मंगळवारी तो मिरजेच्या रुग्णालयातून घरी आला. गावानं बँड लावून मिरवणूक काढली. मिरवणूक वैजयंतीच्या दवाखान्यावरून गेली. ती दारात हसऱ्या तोंडानं उभी राहिली होती. मिरवणूक थांबली नाही. ती गेली सरळ दर्ग्यावर, चादर चढवायला.

चौकात फ्लेक्स लागला. 'चाचांच्या दुआमुळे आमचा वाघ परतला.' त्यावर चाचांचा फोटो, सरपंचांचा फोटो, सरपंचांच्या पुतण्याचाही फोटो. पुतण्या त्या रविवारी गावातसुद्धा नव्हता.

"फ्लेक्सचं मला काही नाही," वैजयंती म्हणाली.

चाचांनी नुसतं तिच्याकडं पाहिलं.

"बरं, आहे. आहे वाईट वाटलेलं. पण मी त्यासाठी नाही आले. चाचा, तो मिरजेहून डॉक्टरांचं न ऐकता आलाय. त्याच्या छातीत यंत्र बसवायचंय. ठोका चुकला की आतल्या आत शॉक देणारं. उद्या त्याच्यासाठी खाट राखून ठेवलीय. हा म्हणतो, चाचांची दुआ आहे, मला काय होतंय? आणि या रविवारी खेळणार म्हणतोय. चाचा... तो पुन्हा पडेल. आणि पुन्हा रुग्णवाहिका वेळेत येईलच असं नाही."

चाचांच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"तुम्ही लोकांना सांगा. स्पष्ट सांगा, की दुआनं काही झालेलं नाही."

"माझ्या दुआनं न्हाई झालं, ह्ये खरं हाय," चाचा म्हणाले. "म्या मागितलीच न्हाई."

वैजयंतीला वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी घोटाळा झाला.

"म्हणजे?"

"येळ कुठं हुता? माणसं तुझ्या अंगावर पडाया लागल्याली. म्या काठी घिऊन त्यास्नी मागं रेटत हुतो. मग कुणीतरी बोंबललं, फाटकात उसाची गाडी आडवी लागलीया, अँब्युलन्स आत येईना. तिकडं पळालो. बैल सोडलं, गाडी ढकलली. अल्लाची आठवण झाली ती पार घरी आल्यावर."

वैजयंती आनंदानं जवळजवळ उठलीच. "मग हेच! हेच सांगा ना सगळ्यांना!"

"सांगतो की. पर त्यांनी इचारलं, चाचा, मग दुआ कुणी मागितली, तर काय सांगू?"

"कुणीच नाही, असं सांगा."

"खोटं कसं बोलू? म्या ऐकलीया."

"कुणाची?"

चाचांनी शेंग फोडली. दाणे तिच्या तळहातावर ठेवले.

"तू आधी मोजत हुतीस. तीसपतोर मोजायचीस, त्याच्या तोंडात फुंकायचीस, पुन्ना मोजायचीस. पाच-सा मिंटं मोजलंस. मग मोजायचं थांबलीस. हात चालू हुतं, ओठ बी चालू हुतं, पर आकडं न्हवतं."

वैजयंतीनं दाण्यांवर मूठ मिटली.

"काय म्हणत हुतीस, आठवतंय?"

आठवत होतं. गेले अकरा दिवस तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं.

"ऊठ रे..." ती म्हणाली. "ऊठ रे, ऊठ... एकदा श्वास घे... एकदाच घे... असंच काहीतरी. तोंडातून आपोआप येत होतं, चाचा. त्याला काही अर्थ नाही."

"कुणाला म्हणत हुतीस?"

"धैर्यालाच की!"

"त्याला ऐकू येत हुतं?"

ती डॉक्टर होती. त्या वेळी धैर्यशीलला ऐकू येत होतं की नव्हतं, हे तिच्यापेक्षा जास्त कुणाला कळणार?

...

चिंचेवर कावळे भांडत होते. तेवढ्यात पायरीखाली मोटारसायकल थांबली आणि गडगडाटी आवाज आला, "चाचा, हाय का?"

धैर्यशीलच होता. गुरुवार होता, आणि गुरुवारी चाचा ताईत बांधत. पंचक्रोशीतले पैलवान, कबड्डीचे गडी, शर्यतीच्या बैलांचे मालक, सगळे गुरुवारी यायचे. धैर्यशीलचा रंग अजून उतरलेला होता, चार पायऱ्या चढून त्याला धाप लागली होती. वैजयंतीचे डोळे आपसूक त्याच्या मनगटाकडं गेले.

"वैजूताई! तू बी हितं? बघ, चाचांच्या दुआनं कसा खडखडीत झालोय! चाचा, रैवारी खेळायचंय, चांगला जालीम ताईत द्या."

वैजयंतीनं चाचांकडं पाहिलं. सांगा आता.

चाचांनी सांगितलं. चांगलं खणखणीत सांगितलं. "धैर्या, म्या दुआ मागितली न्हवती. म्या गाडीचं बैल सोडत हुतो. तुला हिनं वाचीवला, आन् त्या अँब्युलन्समधल्या मिशिनीनं."

धैर्यशीलचे डोळे भरून आले. त्यानं वाकून चाचांचे पाय धरले.

"ताई, बघितलंस? ह्याला म्हणत्यात मोठेपणा. येवढं करून सवरून नाव घेऊ देत न्हाईत!"

वैजयंतीनं कपाळाला हात लावला. चाचांना हसू आवरेना.

"जा, हौदावर हातपाय धुवून ये," ते म्हणाले. "सावकाश. पळू नगंस."

तो गेल्यावर त्यांनी बसकराखालून तांब्याची बोटभर नळी काढली. काळा दोरा काढला, मेणाचा तुकडा काढला. मग वैजयंतीपुढं हात पसरला.

"तुझी चिठ्ठी दे."

"कसली चिठ्ठी?"

"मिरजेची. पर्समंदी असंलच."

होतीच. कुठल्या डॉक्टरांना भेटायचं, कधी, कुठलं यंत्र, सगळं तिनं तीनदा लिहून दिलं होतं. पहिली चिठ्ठी धैर्यशीलच्या आईनं देवाच्या तसबिरीमागं खोचली, दुसरीत अंगारा बांधला, तिसरीचं काय झालं ते देवालाच ठाऊक. ही चौथी.

चाचांनी कागदाची घडी घातली. मग घडीची घडी. तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं.

"चाचा, नाही! ही फसवणूक आहे."

"यात काय खोटं लिवलंयस?"

"मी खोटं कशाला लिहीन?"

"मग फसवणूक कसली? हितनं आतापतोर जे ताईत गेलं, त्यात ह्येच येक मला वाचता न येणारं हाय, येवढंच."

"पण तो बरा होऊन येईल आणि पुन्हा तुमच्याच नावानं..." ती अडखळली. "पुन्हा बँड. पुन्हा दवाखान्यावरून पुढं. अकरा मिनिटं चाचा! माझे हात दोन दिवस वर होत नव्हते. एकानं तरी म्हणावं की नाही, पोरी, शाबास?"

घडी घातलेला कागद चाचांनी परत तिच्या हातात दिला. नळी मधे जमिनीवर ठेवली.

"तुजा कागद हाय. तू तुज्या हातानं दे त्याला. तुजं नाव ऱ्हाईल."

...

हौदावर पाण्याचा आवाज थांबला. धैर्यशील खोकला. एकदा, आणि मग जरा जास्तच वेळ.

वैजयंतीनं तो खोकला ऐकला. तिनं नळी उचलली, कागद आत सारला. नीट बसेना, म्हणून अंगठ्यानं दाबला, पुन्हा दाबला. चाचांनी काडी पेटवून मेण ओघळवलं आणि तोंड बंद केलं.

धैर्यशील ओल्या हातांनी येऊन बसला. त्यानं उजवी बाही वर केली.

"दोरा तू बांध," चाचा वैजयंतीला म्हणाले. "माजं हात कापत्यात."

त्यांचे हात कापत नव्हते. घटकाभरापूर्वी शेंगा फोडताना तर मुळीच नव्हते.

तिनं दोरा बांधला. टाक्याला मारतात तशी गाठ मारली, आणि वर आणखी एक.

"चाचा, आत काय लिवलंय?" धैर्यशीलनं दबक्या आवाजात विचारलं.

"तुला जितं ठेवाया जे लागतंय त्ये समदं. आता ऐक. ह्यो ताईत उद्या मिरजेला उघडायचा. त्या हृदयाच्या डाक्टरच्या हातानंच. त्यो वाचंल आन् सांगंल तसं करायचं, पुरतं. तवर मैदानाला पाय लावलास तर ह्यो ताईत मातीमोल."

"उद्याच?"

"सकाळच्या यष्टीनं. आईला संगं घे."

"चाचांचा शबूद हाय, म्हंजे जायाला पायजे," धैर्यशील म्हणाला. आठ दिवस पाच डॉक्टरांनी समजावूनही जे जमलं नव्हतं ते असं चुटकीसरशी झालं. उठता उठता तो वैजयंतीकडं वळला. "ताई, तुजी गाठ लई घट बसली बघ."

"बसू दे," ती म्हणाली.

तो पायऱ्या उतरला. शेवटच्या दोन पायऱ्या त्यानं सवयीनं उडी मारून ओलांडल्या, आणि वैजयंती किंचाळली, "पळू नको रे!" त्यानं दंडावरचा ताईत उंच करून दाखवला, हसला, मोटारसायकलला किक मारली.

चाचा पुन्हा शेंगांकडं वळले.

वैजयंती पायरीवर जाऊन उभी राहिली. गाडी ओढ्याच्या पुलावर दिसली, मग उसात गेली, मग पुन्हा दिसली.

"चाचा," मागं न बघता ती म्हणाली, "उद्या लोकांनी विचारलं, तो कुणामुळं वाचला, तर काय सांगायचं?"

"आधी वाचू तर दे."

गाडी वळणावर बारीक झाली. वैजयंती दर्ग्याच्या दाराची चौकट धरून, टाचा उंचावून बघत राहिली. उद्याची एसटी वेळेवर यावी. वाटेत काही होऊ नये. नीट जा रे... नीट पोहोच... एवढं एकदा पोहोच...

मागं शेंग फुटल्याचा आवाज आला.

"आता गं कुणाला म्हणतीस, डाक्टर?"