सूर धरणाऱ्याचा दात

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा राजे होते, राजवाडे होते, आणि दातदुखी मात्र अगदी आजच्यासारखीच होती. तर अशा त्या काळी एका गावात एक सनईवाला राहायचा. आणि काय वाजवायचा म्हणून सांगू! लग्नात त्यानं सनई ओठांना लावली की जेवणाऱ्यांचा घास हातातच राहायचा.

त्याच्या शेजारी बसून त्याचा मेहुणा सूर धरायचा. सूर धरायचा म्हणजे काय, तर सनईवाला वर-खाली कुठंही हुंदडून येवो, मेहुण्यानं आपल्या सनईवर एकच सूर लावून ठेवायचा. गाल फुगवायचे, नाकानं श्वास घ्यायचा आणि सूर तुटू द्यायचा नाही. वाहवा व्हायची ती सनईवाल्याची. मेहुण्याला "जेवलास का रे?" असंसुद्धा कुणी विचारत नसे.

एके दिवशी गावात दवंडी पिटली. "ऐका हो ऐका! राजवाड्याच्या नगारखान्यातले थोरले वस्ताद आता थकले! दसऱ्याच्या सकाळी नव्या सनईवाल्याची निवड होणार! निवडला जाईल त्याला राहायला घर आणि जन्मभराची भाकरी!"

झालं! गावाला नुसतं उधाण आलं. जो तो म्हणायला लागला, "आपलाच सनईवाला जिंकणार!" सनईवाल्याचे पाय तर जमिनीवर ठरेनात. त्यानं साठवलेले सगळे पैसे नेऊन सोनाराच्या हातावर ठेवले आणि सांगितलं, "माझ्या सनईला चांदीची कडी बसवा. राजवाड्यात जायचंय!"

आणि नेमका तेव्हाच मेहुण्याचा पुढचा दात ठणकायला लागला. साधासुधा ठणका नव्हे हो! गाल सुजून वांग्याएवढा झाला. दसरा तोंडावर आलेला आणि याला धड पाणी गिळवेना.

राजानं रयतेसाठी दातांचा एक वैद्य ठेवला होता. बाजाराच्या दिवशी तो चावडीपुढं बसायचा आणि सगळं फुकट करायचा. त्यामुळं रांगही मारुतीच्या शेपटासारखी लांबलचक. सनईवाला मेहुण्याला घेऊन रांगेत उभा राहिला. शेवटी एकदाची पाळी आली. वैद्यानं दात पाहिला, चिमटा उचलला आणि सहज विचारलं, "काम काय करतोस रे बाबा?"

"काही नाही. दाजींच्या शेजारी बसून सूर धरतो."

वैद्यानं चिमटा खाली ठेवला. "मग जरा थांब. पुढचा दात गेला की ओठाचा आधार गेला. वारा फटीतून निसटणार. तुझा दात वाचण्यासारखा आहे, पण त्याला निवांत बसून काम करावं लागतं, आणि इथं माझ्यापुढं अख्खा बाजार उभा आहे. मी फार तर काढून देईन. वाचवायचा असेल तर नदीपलीकडच्या वैद्यीणबाईंकडं जा. त्या कीड कोरून दात भरतात. पण त्या पैसे घेतात."

"किती?" सनईवाल्यानं विचारलं.

वैद्यानं आकडा सांगितला. सनईवाल्याचं तोंड कडू झालं. चांदीच्या कड्यांना दिले होते, तेवढेच!

"ठरवा तुम्ही. ऊन उतरेपर्यंत मी आहे इथंच," वैद्य म्हणाला आणि त्यानं पुढच्या माणसाला बोलावलं.

दोघं घरी आले. मेहुणा गाल धरून म्हणाला, "दाजी, काढूनच टाकू. मला कुठं ताना मारायच्यात? एकच तर सूर!"

"ऐकलंस?" सनईवाला बायकोला म्हणाला. "तुझा भाऊच म्हणतोय."

"तो म्हणणारच!" बायको कडाडली. "आजवर त्यानं काय मागितलंय हो तुमच्याकडं? आणि पैसे वाचवताय कशावर, तर त्याच्या दातावर? दात कोरून कुणाचं पोट भरलंय का?"

"अगं, पण नुसती लाकडाची सनई घेऊन गेलो तर मला दारात तरी उभं करतील का?"

बायको उठली आणि भावाच्या गालाशी लवंग धरून बसली. सनईवाल्याला काही तिथं बसवेना. "जरा वाजवून येतो, मग जाऊ दात काढायला," असं म्हणून तो पारावर गेला.

आज तो एकटाच होता. सनई वाजायला लागली तशी माणसं जमली. सुरुवात झकास झाली. सनईवाला वर चढला, गिरकी घेतली, खाली आला... पण खाली म्हणजे नक्की कुठं? तो उतरला ते आधीपेक्षा जरा वरच. पुन्हा चढला, पुन्हा उतरला, ते त्याच्याहून वर! पोरं खुदखुदायला लागली. पारामागचं कुत्रं मान वर करून रडायला लागलं. पाणी घेऊन चाललेली एक म्हातारी थांबली आणि म्हणाली, "अरे लेकरा, आज तुझ्या सनईला घर सापडेना का?"

सनईवाल्यानं सनई ओठांवरून खाली घेतली. इतकी वर्षं त्याची सनई गावभर हिंडून बरोबर घरी यायची, कारण घरात मेहुणा दिवा लावून बसलेला असायचा. आणि आपण तोच दिवा विझवायला निघालो होतो! त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तो उठला आणि धावत सुटला. सोनाराची भट्टी पेटलेली, चांदी आता मुशीत पडणार, एवढ्यात हा दारातून ओरडला, "थांबा! थांबा हो! माझे पैसे परत द्या!"

सोनार चकित. "अहो, बोडकी सनई घेऊन राजवाड्यात जाल? लोक हसतील!"

"हसू देत! दात असलेलेच हसतात!"

पैसे घेऊन तो घरी आला, मेहुण्याला नावेत घातलं आणि थेट नदीपलीकडं नेलं. वैद्यीणबाईंनी कीड कोरली, लवंगेचं तेल लावलं, दात भरला. मेहुणा "आई गं, आई गं" करत होता आणि सनईवाला त्याचा हात धरून बसला होता. काम झाल्यावर बाई म्हणाल्या, "दात राहील. पण दसऱ्याच्या सकाळपर्यंत सनईला ओठ लावायचा नाही. आणि त्या सकाळी जमेल की नाही, ते मी आज सांगू शकत नाही."

म्हणजे पैसे गेले आणि पुढचं काहीच ठाऊक नाही! तरी सनईवाल्याला त्या रात्री शांत झोप लागली.

दसरा उजाडला. राजवाड्यापुढं ही गर्दी! कुणाच्या सनईला चांदी, कुणाच्या सनईला सोनं. थोरले वस्ताद डोळे मिटून ऐकत होते आणि प्रत्येकाला "बरं" एवढंच म्हणत होते. सनईवाल्याची पाळी आली. त्याची बोडकी सनई पाहून लोक खरंच हसले. बायको गर्दीत देवाचा धावा करत होती.

मेहुण्यानं सनई ओठांना लावली. पहिल्याच फुंकेला सूर थरथरला! पण मेहुण्यानं ओठ जरा सरकवला, दातावर टेकवला, आणि सूर असा उभा राहिला की ज्याचं नाव ते! मग काय, सनईवाला सुटलाच! वर गेला, खाली आला, आभाळ फिरून आला आणि दर वेळी बरोबर घरी पोहोचला.

एवढ्यात वस्तादांनी हात वर केला. "तू थांब."

सनईवाल्यानं सनई खाली ठेवली. संपलं सगळं!

"आणि तू," वस्ताद मेहुण्याला म्हणाले, "तू वाजव."

मेहुणा घाबरला. एकटा? त्याला आजवर एकटं कुणी ऐकलंच नव्हतं. पण त्यानं डोळे मिटले आणि सूर धरला. एकच सूर. ना तान, ना गिरकी. गर्दी गप्प झाली. सूर चालू. घोडे फुरफुरायचे थांबले. सूर चालूच. वस्तादांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"वय झालं म्हणून मी थकलो असं तुम्हाला वाटतं," ते म्हणाले. "नाही रे बाबांनो. माझा सूर धरणारा वारला, म्हणून मी थकलो. ताना मी कुणालाही शिकवीन, पण असा सूर मी कुठून आणू? हीच जोडी घ्या!"

एकच जल्लोष झाला! ढोल वाजले, पागोटी उडाली. राजानं भरजरी शेला मागवला आणि रिवाजाप्रमाणं सनईवाल्याच्या खांद्यावर घातला. सनईवाल्यानं राजाला मुजरा केला, शेला काढला आणि सगळ्यांदेखत मेहुण्याच्या अंगावर घातला.

"दाजी, हे काय? मी तर एकच..."

"गप! त्या एकावरच माझे बाकीचे सगळे उभे आहेत."

मेहुणा आधी रडला आणि मग असा तोंडभरून हसला, की त्याचे सगळेच्या सगळे दात दिसले.

तात्पर्य: ज्याच्या सुरावर आपण वाजतो, त्याचं दुखणं फुकटात उरकू नये.